एकतीस मीटरवरची खरखर

थंडी पडली की मौलाली नदाफाला दोन कामं लागायची. दिवसा हंबीररावाच्या गुऱ्हाळावर गूळ उतरवायचा आणि पहाटे, तिन्हीसांजेला घराच्या स्लॅबवर बसून रेडिओ ऐकायचा. पहिल्या कामावर घर चालायचं. दुसऱ्यावर काय चालायचं ते त्याची बायको नजीरा हिला एकतीस वर्षांत कळलं नव्हतं, आणि कळावं म्हणून ती कधी अडूनही बसली नव्हती. कुणाचा नवरा पितो, कुणाचा पत्ते कुटतो, याचा आपला रेडिओ. दगडापेक्षा वीट मऊ, असं ती बायकांत म्हणायची.

रेडिओ म्हणजे गाण्याबिण्याचा नव्हे. तळहाताएवढा शॉर्टवेव्ह सेट, कुवेतला असलेल्या मेव्हण्यानं आणलेला. त्याला तांब्याची बारीक तार जोडलेली. ती तार स्लॅबवरून शेजारच्या बाळासोच्या शेवग्याला नेऊन बांधली होती. तिच्या जोरावर जगाच्या पाठीवरचं लांबातलं लांब स्टेशन धरायचं, हा नाद. काय सांगतात त्याला महत्त्व नाही, कुठनं सांगतात त्याला. रुमानिया, व्हिएतनाम, मंगोलिया. किती वाजता लागलं, कितव्या मीटरवर, आवाज किती जोरात, खरखर किती, मध्ये गाणं कसलं वाजलं, हे वहीत लिहायचं आणि तसं पत्र त्या स्टेशनला धाडायचं. पत्रातलं खरं निघालं की तिकडून रंगीत कार्ड यायचं, तुम्ही आम्हाला ऐकलंत हे बरोबर आहे म्हणून. अशी दोनशे बारा कार्डं मौलालीच्या ट्रंकेत होती. हा नाद त्याला गारगोटीच्या गणपतराव मास्तरांनी लावला. मास्तर आता ऐंशीला आले होते, तरी त्यांचा सेट चालूच होता.

यंदा मात्र दिवाळीपासून मौलालीला एकही स्टेशन लागलं नव्हतं.

मार्गशीर्षातल्या त्या पहाटेही तो कानटोपी घालून स्लॅबवर बसला होता. धुकं इतकं की शेवगा दिसत नव्हता. कानात रेडिओच्या वायरची गुंडी खुपसलेली आणि अंगठ्यानं चकती दाण्यादाण्यानं सरकवणं चाललेलं. एकतीस मीटर पालथं घातलं, पंचवीस घातलं, एकोणपन्नास घातलं. सगळीकडं एकच. ओलं लाकूड चुलीत सुसावं तशी बारीक, न थांबणारी सूंऽऽ.

नजीरा चहा घेऊन वर आली. "लागलं का काय?" तिनं विचारलं. तो हलला नाही. मग तिनं नेहमीसारखा त्याच्या खांद्याला हात लावला आणि तोंडासमोर येऊन पुन्हा विचारलं.

"कसलं लागतंय! बाळासोनं गच्चीवर सोलरचं पत्रं बसवलं न्हवं, तवापासनं ही सूं सुरू झालीया. त्याच्या त्या इन्व्हर्टरची खरखर हाय ही. सगळी स्टेशनं खाऊन टाकली मेल्यानं."

नजीरानं बाळासोच्या गच्चीकडं पाहिलं. तिथं काही वाजत नव्हतं. ती म्हणाली, "च्या घ्या. गार व्हतोय."

गुऱ्हाळ बिद्रीच्या पुढं, गारगोटी रस्त्यावरून आत, ओढ्याच्या काठाला होतं. पूर्वी या पट्ट्यात गुऱ्हाळांची रांग असायची. हळूहळू सगळा ऊस कारखान्याच्या वाटेला लागला आणि एकेक चुलवाण विझलं. हंबीररावाचं तेवढं हट्टानं पेटतं राहिलं. म्हणजे मौलालीला इथून उठवलं तर आसपास दुसरं बसायला ठिकाण नव्हतं, आणि छप्पन्नाव्या वर्षी त्याला दुसरं काही येतही नव्हतं. नजीराही तिथंच पिळलेल्या उसाची चिपाडं वाळत घालायला जायची.

गुळव्याचं काम बघणाऱ्याला सोपं वाटतं. काईलीत रस उकळतोय, हा काठावर उभा राहून मळी काढतोय, रस निवळायला भेंडीचं पाणी सोडतोय, खाली चुलवाणाच्या तोंडाशी बसलेल्या ज्ञानूला 'जाळ दे', 'जाळ वड' म्हणून ओरडतोय. पण सगळी विद्या शेवटच्या पाच मिनिटांत असते. रस घट्ट होतो, फुटतो, रंग धरतो. तेव्हा त्यातला जरासा गार पाण्यात टाकायचा, बोटांनी त्याची गोळी वळायची आणि ती काईलीच्या काठावर मारायची. बद्द वाजली तर कच्चा. टण् वाजली की 'उतरा!' त्या वेळी काईलीजवळ कुणी बोलायचं नाही, चपला घालून यायचं नाही आणि गुळव्यानं 'उतरा' म्हटल्याशिवाय मालकानंसुद्धा काईलीच्या साखळीला हात लावायचा नाही. लवकर उतरवला तर गूळ पाझरतो. उशीर केला तर काळा पडतो. बोटं निम्मं सांगतात. पण तीस वर्षं चटके खाऊन मौलालीची बोटं लाकडाची झाली होती. त्याचा सगळा भरवसा कानावर होता, आणि या कानाचं कौतुक साऱ्या भुदरगड तालुक्यात होतं.

पंधरा दिवसांमागं एक आधण, म्हणजे काईलभर रस, त्याच्या हातून काळं पडलं होतं. गोळी वाजता वाजेना, तो वाट बघत राहिला आणि करपल्याचा वास आला तेव्हा जागा झाला. ऊस लोळलेला होता, त्याला उंदीर लागला होता, असं त्यानं सांगितलं आणि हंबीररावानं ऐकून घेतलं. त्यानंतरची आधणं त्यानं रंग बघून, वास घेऊन आणि अल्लाच्या भरवशावर उतरवली. कशी निभावली ते त्याचं त्याला ठाऊक.

त्या दिवशीच्या दुसऱ्या आधणाला त्यानं गोळी मारली. काही आलं नाही. नुसती सूं. दुसरी मारली. पहिल्या काळ्या गुळाची आठवण झाली आणि करपायच्या आधीच बरा म्हणून तो ओरडला, "उतरा!"

चुलवाणाच्या तोंडाशी बसलेला ज्ञानू अर्धवट उठला. चिपाडाची पेंढी तशीच हातात. त्याचं तोंड उघडलं होतं. पण जाळ घालणाऱ्यानं गुळव्याला काय सांगायचं? त्यानं तोंड मिटलं आणि गडी काईल ओढायला लागले.

तिसऱ्या प्रहरी गुळाचे रवे फडक्यातून काढायला घेतले तर बोट लावलं की बोट आत जायचं. खाली मध गळावा तसा पाझर लागला होता. माश्या आल्या. हंबीरराव आला, एका रव्याला अंगठा लावला आणि तो अंगठा धोतराला पुसत बसला. आरडाओरडा करणारा माणूस तो. पण आज ओरडला नाही. मौलालीला ते जास्त लागलं.

"दोन झाली, मौलाली," तो जवळ येऊन म्हणाला. "राधानगरीकडचा एक गुळव्या दोनदा इचारून गेलाय. मी त्याला न्हाय म्हटलंय. आवशीच्या दुसऱ्या दिवशी बाळासोचा ऊस हाय. ते आधण मला सोन्यागत पायजे. न्हायतर मग मी काय करू, तूच सांग."

"खारट जमिनीचा ऊस हुता मालक. जिमिनीचाच दोष—"

"आरं, माझ्याच मळ्यातला हुता की त्यो."

मौलालीला हे शेवटचं नीट कळलं नाही. तो मान डोलवत "तेच की, तेच की" म्हणाला आणि दोन गडी तोंड फिरवून हसले. लांबून नजीरा बघत होती. तिनं चिपाडं झटकली आणि उगाच दुसऱ्यांदा पसरली.

माणसाचं कुठंच चालेनासं झालं की तो जिथं चालेल तिथं जोर काढतो. त्या संध्याकाळी मौलाली घरी न जाता सरळ बाळासोच्या दारात गेला. बाळासो चाळिशीचा, पाच म्हशींचा धनी. धारा काढायच्या मशीनवर त्याचा मोठा जीव. दोघांच्या घरात वाटीभर साखरेपासून बाळंतपणापर्यंतची देवाणघेवाण होती.

"बाळासो, तुझा इन्व्हर्टर बंद कर."

"का? काय पेटलं काय?"

"माझ्या रेडिओत खरखर येतीया त्याच्यापायी. दिवाळीपासनं एक स्टेशन लागंना."

बाळासो हसला. "आरं मौलालीभाई, सगळं जग खिशात आलंय की मर्दा आता. मोबाईलवर बटन दाब, पायजे त्या देशाचं गाणं लाव. कुठं वायर धरून बसतोस?"

"त्याला अर्थ न्हाई. बटन दाबून कुणीबी ऐकंल. हवेतनं आलेलं धरायचं आसतंय. बंद करतोस का न्हाईस?"

"धारा चालल्यात. मशीन त्याच्यावरच हाय."

मौलाली उंबऱ्यातून हलला नाही. बाळासो चिडका नव्हता, पण शेजाऱ्यानं दारात ठाण मांडून बसावं हे त्यालाही आवडेना. "चल बाबा, तुझी एकदाची शंका फिटू दे," म्हणत त्यानं इन्व्हर्टर बंद केला. वर आणखी घरातलं मेन बटणही खाली ओढलं. गोठ्यात अंधार झाला. मशीन थांबलं. आतून त्याची बायको शालूबाई ओरडली, "अवं, निम्मी धार ऱ्हायलीया! काय कराय लागलाय तुम्ही?"

गल्लीत माणसं जमली. जमायला काही लागत नाही. मौलालीनं खिशातून सेट काढला, कानात गुंडी घातली आणि अंधारात उभा राहिला. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते.

"थांबली का खरखर?" बाळासोनं विचारलं.

थांबली नव्हती. तसूभर कमी झाली नव्हती.

"अजून हाय," मौलाली म्हणाला. "म्हंजी वरल्या आळीतनं येत असंल. त्यांच्यात बी कुणीतरी बसवलंय."

"मग काय, गावाची लाईट घालवू?"

लोक हसले. मागून कुणीतरी पोरगेलं म्हणालं, "पाकिस्तान लागंना झालंय व्हय चाचाला?" बाळासो त्याच्यावर खेकसला, "तोंड संबाळ! तुझ्या आज्याची गादी याच्या बानं कापूस पिंजून भरली हुती, इचार जा." पोरगं गप्प झालं, पण हसणाऱ्यांनी हसून घेतलं होतं. मौलालीला हसणं दिसलं. काय म्हणून हसले ते कळलं नाही, आणि न कळलेलं त्याला जास्त टोचलं.

तेवढ्यात शालूबाई रिकामी चरवी घेऊन बाहेर आली. म्हशीनं पान्हा चोरला होता आणि लाथ मारून मशीनची नळी तोडली होती. मग बाळासोचाही तोल गेला.

"काढ ती तार माझ्या शेवग्यावरनं," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता काढ. आन् परवा माझा ऊस हाय तुझ्या काईलीत. तितं तरी ध्यान जाग्यावर ठेव."

छप्पन्न वर्षांचा माणूस सगळ्या गल्लीदेखत शेवग्यावर चढला. शेवगा ठिसूळ. एक फांदी कडाडली आणि खालच्या बायका "अगं आई" म्हणून किंचाळल्या. तार गुंडाळून तो उतरला तेव्हा कोपर सोलून रक्त आलं होतं. नजीरानं दारात त्याच्या कोपराला हळद लावली.

त्याच रात्री जेवणाच्या आधी मास्तरांचा फोन आला. फोन नजीरानं घेतला, स्पीकर लावला आणि नवऱ्याच्या कानाशी धरला. मास्तर पोरासारखे खूश होते. मंगोलिया लागलं होतं, शेजारच्या खोलीतून बोलल्यागत. "लाव लवकर, बाई गाती हाय, मधी घोड्याच्या टापा वाजत्यात! तुज्याकडं लागतंय का?" मौलालीनं निम्मंशिम्मं ऐकलं. नजीरानं उरलेलं मोठ्यानं सांगितलं. 'बाई गाते, टापा वाजतात' एवढ्यावर एक सुरेख पत्र लिहून कार्ड मागवता आलं असतं. वही समोरच होती. त्यानं ती उघडली आणि काही न लिहिता मिटली. न ऐकलेलं लिहायचं त्याच्या हातून होणारच नव्हतं.

"उद्या आवस हाय," तो म्हणाला. "गुऱ्हाळ बंद. मी राधानगरीकडं वर पठारावर जातो. तितं एक खांब न्हाई, एक वायर न्हाई. मग बघतो कसं लागत न्हाई ते."

"मी बी येतो," नजीरा म्हणाली.

लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण रेडिओसाठी ती कधी घराबाहेर पडली नव्हती. त्यानं आश्चर्यानं बघितलं. "तू काय करणार तितं?"

"बसतो की. भाकरी बांधून घेतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं जुन्या मोटारसायकलवरून निघाली. वाटेत कारखान्याला निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या. मग भातखाचरं मागं पडली, झाडी दाट झाली आणि गाडी चढाला धापा टाकायला लागली. पठारावर पोचली तेव्हा ऊन कलतं होतं. कातळाचा उघडा सडा लांबवर पसरलेला. गव्यांनी टाकलेलं शेण वाळून पडलेलं. वारा एवढा की नजीराला पदर दातात धरावा लागला. चहूकडं नजर फिरवली तरी माणसाच्या हातचं काही दिसत नव्हतं.

मौलालीनं एका खुरट्या जांभळाला तार बांधली. दुसरं टोक सेटला जोडलं. नवे सेल आणले होते, ते घातले. कातळावर मांडी घालून बसला. सूर्य डोंगराला टेकला होता. लांबची स्टेशनं वर यायची हीच वेळ. त्यानं कानात गुंडी घातली.

सूंऽऽ.

त्यानं एकतीस मीटर धरलं. चकती केसाकेसानं सरकवली. सूं. तारेची गाठ सोडून पुन्हा बांधली, थुंकी लावून पुसली. सूं. सेट उभा धरला, आडवा धरला, छातीशी धरला. थंडीत त्याच्या कपाळाला घाम आला. "हितं कुठनं येतीया ही?" तो स्वतःशीच म्हणाला. "हितं कुणाचा बाप इन्व्हर्टर लावून बसलाय?"

"आना हिकडं," नजीरा म्हणाली आणि त्यानं ऐकलं नाही म्हणून तिनंच त्याच्या कानातली गुंडी काढून स्वतःच्या कानात घातली. जन्मात पहिल्यांदा.

क्षणभर तिचा चेहरा आक्रसलेला होता. मग सैल झाला. भुवया वर गेल्या.

"बाई गातीया," ती म्हणाली.

"आँ?"

"बाई! गातीया! लई गोड. मला काय समजंना, पर लई गोड गातीया हो. आन् मागनं सारंगीवाणी कायतरी वाजतंय."

त्यानं झडप घालून गुंडी घेतली. सूं. परत तिच्या कानात घातली. "अजून गातीया?"

"व्हय. संपलं आता. गडी बोलाय लागला."

"खरखर किती हाय?"

"कसली खरखर? सोच्छ हाय की."

मौलाली तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं सेट उलटा केला, मागचं झाकण काढलं आणि दोन्ही सेल तळहातावर पाडले. नजीरा म्हणाली, "आवं, बंद पडलं की!" त्यानं मेलेल्या सेटची गुंडी कानात घातली. सूंऽऽ. गुंडी काढली. सूंऽऽ. दोन्ही तळव्यांनी कान गच्च दाबले तर आवाज आणखी वाढला.

सेल हातातून कातळावर पडले आणि घरंगळत गेले. ते पडल्याचा आवाज त्याला आला नाही.

सूर्य गेला. नजीरानं सेल वेचून पदरात बांधले.

"मला म्हाईत हुतं," ती त्याच्या तोंडासमोर येऊन म्हणाली. "रमजानपासनं. मगरीबची अजान झाली तरी तुम्ही तसंच बसायचा. मी रोजा सोडाय खजूर म्होरं सारायचो, मग तुम्हास्नी कळायचं."

"आन् सांगितलं न्हाईस?"

"काय सांगू? गुळव्याला सांगू व्हय, की तुमचा कान गेलाय म्हणून?" तिनं सेल बांधलेली गाठ आवळली. "वाटलं मळ असंल. वाटलं येतंय परत आपसूक."

"म्हंजी बाळासोचं काय न्हवतं त्यात."

"न्हवतं."

"आन् मी त्याच्या म्हशीचं दूध घालवलं."

त्यानं गुडघ्यात डोकं घातलं आणि रडला. मोठ्यानं रडला, पठारावर त्याला कुणाची लाज नव्हती. तीस वर्षं इंजिनाच्या आणि चुलवाणाच्या कडेला उभं राहून ज्या कानानं त्याला भाकरी घातली, तोच कान त्या इंजिनानं आणि चुलवाणानं खाल्ला होता. आणि ज्या कानात रुमानिया मावत होतं त्यात आता बायकोची हाक मावत नव्हती. नजीरा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"कोल्लापूरला दावूया," शेवटी ती म्हणाली. "कानात घालायचं मशीन असतंय. आपल्या भाचीच्या, शाहिस्ताच्या सासऱ्यानं घातलंय."

"मशीन घालून काईलीवर? वाफंत? आन् मशीन घातलेल्या गुळव्याच्या हवाली कोण आपला ऊस करतंय, नजीरा?" तो म्हणाला. "उद्या बाळासोचं आधण हाय."

भाकरी तशीच बांधलेली परत आली.

सकाळी बाळासोचा ऊस घाण्याला लागला. चांगला पोसलेला, जाड कांड्याचा. बाळासो आणि शालूबाई दोघंही आले होते. नवीन पातेली, फडकी घेऊन. बाळासो मौलालीशी बोलला नाही, पण काईलीपाशी जाताना चपला मात्र न विसरता काढून ठेवल्या. हंबीरराव सकाळपासून तिथंच खुर्ची टाकून बसला होता. एरवी तो बसत नसे.

मौलालीनं मळी काढली. भेंडीचं पाणी सोडलं. फेस पांढरा झाला, पिवळा झाला. वाफेनं त्याची दाढी ओली झाली. नजीरा चिपाडात उभी राहून बघत होती. दुपारला ऊस संपला तसं घाण्याचं इंजिन बंद केलं. सगळं गुऱ्हाळ एकदम गप्प झालं. आता फक्त काईल उकळत होती. बाकीच्यांना तिची फदफद ऐकू येत होती. मौलालीला दिसत होती.

रस फुटला. रंग धरला. तो थांबला, वाकला, जरासा रस पाण्यात सोडला, गोळी वळली. बोटांनी निम्मं सांगितलं. त्यानं गोळी काईलीच्या काठावर मारली.

सूंऽऽ.

त्यानं वर पाहिलं. हंबीरराव खुर्चीच्या कडेला आला होता. बाळासोनं बायकोचा हात धरला होता. एक शब्द बोलायचा. बरोबर पडला तर हंगाम निघेल, पुढच्या आधणाला पुन्हा हाच जुगार, आणि हा ऊस त्याचा नव्हता. वर्षभर पाणी पाजलेला, पाचट काढलेला ऊस शेजाऱ्याचा होता.

"ज्ञानू," तो खाली वाकून म्हणाला. "वाजली का?"

ज्ञानू चिपाड हातात धरून तसाच. गुळव्यानं जाळ घालणाऱ्याला विचारलेलं त्या गुऱ्हाळानं कधी ऐकलं नव्हतं. त्यानं हंबीररावाकडं बघितलं, मग मौलालीकडं.

"आरं वाजली का म्हणून इचारतोय. माझ्या कानाला कळंना झालंय. तू सांग."

ज्ञानूनं मान हलवली. नाही. मौलालीनं दुसरी गोळी वळली आणि मारली. ज्ञानूनं पुन्हा मान हलवली. जाळ ओढला. तिसरी गोळी मारली आणि ज्ञानूच्या तोंडावर आधी आलं, मग त्यानं जोरजोरात मान डोलवली.

"उतरा!" मौलाली ओरडला.

साखळी ओढली, काईल झुकली, गूळ गार करायच्या वाफ्यात ओतला. घाटताना त्याचा रंग हळदीच्या अंगानं सोनेरी होत गेला. एवढा रंग यंदाच्या हंगामात कुणी बघितला नव्हता. बाळासोनं कडेचा तुकडा मोडून तोंडात टाकला, मौलालीकडं दोन पावलं आला आणि तिथंच उभा राहिला. शालूबाईनं डोळ्याला पदर लावला. ज्ञानू चुलवाणाकडंच तोंड करून बसला होता. गुळाचं कौतुक कुणीच केलं नाही.

हंबीरराव उठला. चालत आला आणि मौलालीच्या खांद्यावर हात ठेवला. माणूस ओरडा होता खरा, पण वाईट नव्हता. चारचौघांत मौलालीचा पाणउतारा होऊ नये म्हणून अगदी त्याच्या कानाशी वाकून, हळू आवाजात तो काहीतरी बोलला.

"आँ?" मौलाली म्हणाला.

हंबीररावानं इकडं तिकडं पाहिलं आणि पुन्हा तितक्याच हळू बोलला. त्याला मोठ्यानं बोलवत नव्हतं. मौलाली त्याच्या ओठांकडं बघत होता. ओठ मिशीखाली होते.

"काय म्हणालासा मालक? गूळ चांगला झालाय न्हवं?"

हंबीररावानं तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि मिटलं. त्यानं चिपाडाकडं, नजीराकडं पाहिलं. तिनं ते ऐकलं होतं. कान तिचे चांगले होते. ती चिपाडं तुडवत आली, नवऱ्यासमोर उभी राहिली, त्याची दोन्ही मनगटं धरली आणि बंद इंजिनाच्या, गप्प झालेल्या त्या गुऱ्हाळात सगळ्या गड्यांदेखत घसा ताणून ओरडली.

"उद्यापासनं येऊ नगा म्हणत्यात! मालक म्हणत्यात, उद्यापासनं येऊ नगा!"

ओढ्यापलीकडच्या रानात उसाला पाणी पाजणारा गडी वळून बघायला लागला.

मौलालीनं मनगटं सोडवून घेतली. काठावरचं पाण्याचं पातेलं उचलून त्यातलं पाणी ओतून टाकलं आणि ते पालथं घातलं.

"एवढ्यानं कशाला वरडतीयास?" तो म्हणाला. "ऐकाय आलं की मला."